भीमाकाठचा अर्धा गोंधळ

ऐन मे महिन्यात हौसेने तंबूत राहायला जाणाऱ्या माणसाला वेडंच म्हणायला हवं, आणि आम्ही तर दोघी होतो. माझी मैत्रीण वंदना रॉक ऐकायला निघाली होती. मला रॉकमधलं ओ की ठो कळत नाही. पण भीमाकाठच्या एका शेतावर भरणाऱ्या त्या संगीत महोत्सवात संध्याकाळी गोंधळ आहे, एवढं वाचून मी पिशवी भरली. माझ्या लग्नातल्या गोंधळात कथा सुरू व्हायच्या आतच मी पेंगले होते. या वेळी शेवटपर्यंत ऐकायचा होता.

डेमू लोकलने यवतला उतरलो, उसाचा रस प्यालो आणि जीपमध्ये स्वतःला कोंबून घेतलं. शेत दौंड तालुक्यातलं, नदीपलीकडे शिरूर. ऊस तुटून गेलेल्या रानात रंगीबेरंगी तंबू उभे होते. आमची खुंटी ढेकळात रुतेना, रुतली तर टिकेना. दुपारी तंबूत पापड वाळले असते, म्हणून आम्ही सतरंजी उचलून बांधावरच्या चिंचेखाली गेलो.

तिथे आधीच एक म्हातारे गोंधळी टेकले होते. गळ्यात कवड्यांची माळ, शेजारी संबळ वाजवणारा पुतण्या. शिरूरकडच्या न्हावऱ्याचे. सगळे त्यांना आप्पा म्हणत, मीही म्हणू लागले. आयोजकांनी जेवायला पास्ता दिला होता. "शेवया बऱ्या हायेत, पर गूळ टाकायचा इसरले," असं ते इतक्या गंभीरपणे म्हणाले की चेष्टा आहे की खरंच, ते आम्हाला कळेना. त्यांनी आम्हाला भाकरी आणि खर्डा दिला. रानात पाचट (उसाचा वाळका पाला) पसरलेलं होतं, म्हणून पोत (गोंधळातली मशाल) पेटवायला मनाई होती. ते त्यांनी लगेच मान्य केलं होतं.

कथा कोणती, असं मी विचारलं, तर ऐकायलाच या म्हणाले. किती वेळ मिळालाय म्हटलं, तर अर्धा तास.

"आवाहन धरून?" मी विचारलं.

"आवाहन काय कार्यक्रमात धरत्यात व्हय? देव येऊन बसल्यावर अर्धा तास."

आयोजकांनी आवाहनही त्याच अर्ध्या तासात धरलं असावं, अशी मला तेव्हाच शंका आली होती. वॉकीटॉकी घेतलेली आयोजक मुलगी समोरूनच चालली होती. तिला हाक मारायला हवी होती. पण दुसऱ्यांच्या कामात नाक कशाला खुपसा, म्हणून मी गप्प बसले. या प्रवासात मला त्याचंच सर्वांत वाईट वाटतं.

ऊन उतरल्यावर आप्पा मंचावर उभे राहिले. तुळजापूरच्या, कोल्हापूरच्या, माहूरच्या देवीला बोलावणं झालं, जेजुरीला झालं. मग ते भीमेच्या दोन्ही काठांवर उतरले: गावोगावचे भैरवनाथ, म्हसोबा, बांधावरच्या मरीआयासुद्धा. मागे उभी असलेली गावची माणसं आपापल्या देवाचं नाव आलं की हात जोडत होती. काळ्या टी-शर्टमधली शहरी पोरंही संबळाच्या ठेक्यावर डुलायला लागली. शेवटी आप्पांनी त्या शेताच्या देवाला बोलावलं, घाम पुसला आणि कथेला हात घातला. तेवढ्यात ती मुलगी मंचावर आली, त्यांच्या पाया पडली आणि म्हणाली, "आप्पा, खूप छान झालं. वेळ संपली."

टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं, एवढाच असतो गोंधळ.

मी धावत मंचामागे गेले. मुलगी रडकुंडीला आली होती. रॉकवाल्यांचा ड्रम चढतही होता. आप्पा चिडले नव्हते, घाबरले होते.

"कथा ऱ्हाऊ द्या, ताई," ते तिला म्हणाले. "पर एवढ्या देवांना बोलावून बसवलंय. आरती करून निरोप तरी देऊ द्या."

उद्या सकाळी योगासनांनंतर वेळ देते, ती म्हणाली. मग आप्पा जनरेटरजवळ मंचाकडे तोंड करून उभे राहिले, पुतण्याने संबळ बांधला आणि त्यांनी आरती धरली. त्याच क्षणी पुढे गिटार सुरू झाली. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी होते. काठी संबळावर पडताना दिसत होती, आप्पांचे ओठ हलत होते, ऐकू काहीच येत नव्हतं. संपल्यावर त्यांनी जमिनीला हात लावला आणि तिथून चालत नदीच्या वाटेला लागले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दौंडहून येणाऱ्या गाडीने परतलो. वंदना खूश होती, आणि असावीच. तिचं गाणं तिला पुरेपूर मिळालं होतं. घरी सगळे गोंधळ कसा झाला म्हणून विचारतात. देव आले होते, एवढं मी सांगते. ते परत गेले की नाही, ते त्या आवाजात मला ऐकू आलं नाही.