वारसा दालनातला पाळणा

प्रभाकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी फुलचूरच्या घरी चहा गाळत होते. फोन दवाखाना चालवणाऱ्या संस्थेतल्या माणसाचा. "डॉक्टर साब नहीं रहे," म्हणाला आणि त्याच दमात, "मॅडम, सूटमधला एखादा फोटो असेल का तुमच्याकडे?" सूट! जळालेल्यांच्या वार्डात ज्याचा उभा जन्म गेला त्याचा सूट कुठून आणू, माझं कपाळ! मी फोन आपटला, आणि मग रडले.

१९९९ साली तो संस्थेच्या दवाखान्यात आला तेव्हा भूल द्यायला मी होते. मी त्याला प्रभाकर म्हणायचे, तो मला बाई. दोन खाटा आणि दारावर पाटी, 'प्लास्टिक सर्जरी विभाग'. नवेगाव बांधकडून एक बाप पोरीला घेऊन आला. पदर पेटून तिची हनुवटी छातीला चिकटली होती. पाटी वाचून तो म्हणाला, "का जी डॉक्टर, हे पिलास्टिक उन्हात वितळन त नाही ना?" मला हसू फुटलं. प्रभाकर शांतपणे म्हणाला, "तिच्याच मांडीची चामडी लावून राहिलो जी. प्लास्टिक फक्त पाटीवर आहे." पोर मान वर करून घरी गेली. मग तिरोड्याकडूनही माणसं येऊ लागली, दोनाच्या आठ खाटा झाल्या. जळालेल्या अंगाला चादर चिकटते, काढताना माणूस किंचाळतो. चादर वर उचलून धरणारी लोखंडी चौकट त्यानं संस्थेकडे मागितली. उत्तर आलं, पुढच्या वर्षी बघू… ते वर्ष अजून यायचं आहे. शेवटी त्यानं बांबू वाकवून कमान करून घेतली. ती रोग्याच्या अंगावर, तिच्यावर चादर. रोज सकाळी कमानीवर टकटक करून विचारायचा, "आहे का जी कोणी घरी?" आतून कण्हणारा माणूसही म्हणायचा, "आहो जी."

पुढे दवाखान्याचं मेडिकल कॉलेज झालं, विभागात विद्यार्थी आले. त्यांचा पहिला प्रश्न, "सर, नाकाचं ऑपरेशन कधी शिकवणार?" जळालेल्याची पट्टी सोडताना हीच मंडळी खिडकीशी जाऊन उभी राहत. आणि संस्थेचे अध्यक्ष? त्यांचा डोळा वार्डाच्या जागेवर. "दर्शनी भागात हा वास! पाहुण्यांना काय दाखवायचं?" प्रभाकर दर वेळी भांडला. मला म्हणायचा, "बाई, पाटीवर काय वाट्टेल ते लिहू दे. माझ्या खाटा हलता कामा नयेत."

शोकसभेला गेले तर खाटा हललेल्या. आठही रोगी व्हरांड्यात, माश्यांत. वार्डात गालिचा, फुलं, आणि दारावर चकचकीत पाटी… त्याच्याच नावाचं 'वारसा दालन'. जिवंतपणी जो वार्ड सुटला नाही, तो मेल्यावर त्याच्याच नावानं सोडवून घेतला. शाब्बास रे पठ्ठ्यांनो! अध्यक्ष गहिवरून बोलत होते, "डॉक्टर साहब हमारे परिवार थे." ते नाकवाले विद्यार्थी रुमाल काढून बसले होते. काचेच्या कपाटात बांबूची कमान, खाली चिठ्ठी: 'डॉक्टरसाहेबांचा बालपणीचा पाळणा'. ज्या विभागाचे हे वारसदार, तिथली कमान यांना ओळखता येत नाही! लाज तर नाहीच, निदान डोळे तरी असावेत.

एवढ्यात व्हरांड्यातून किंकाळी आली. नवीन आलेल्या एका बाईची चादर कोणीतरी ओढली होती. मी उठले, कपाट उघडलं, कमान बाहेर काढली. अध्यक्ष भाषण सोडून ओरडले, "मॅडम, ये क्या कर रही हो? ये हमारा हेरिटेज है!"

"हो ना," मी म्हटलं, "म्हणूनच वापरून राहिले."

सिस्टरच्या मदतीनं कमान त्या बाईच्या अंगावर ठेवली, वरून स्वच्छ चादर टाकली. हात आपोआप बांबूवर गेला. टकटक केलं. "आहे का जी कोणी घरी?"

ती नवीन होती बिचारी, तिला काय ठाऊक! पण शेजारच्या खाटेवर प्रभाकरच्या हातचा एक जुना रोगी होता, म्हातारा. पट्ट्यांतून त्याचा आवाज आला.

"आहो जी… घराबाहेर काढलं, पण आहो."