पेढीच्या डोहातला लाकडी मासा

काल अमरावतीच्या बाजारात बांगड्यांच्या आळीतून जात होतो. एका दुकानाच्या ओट्यावर शेगडीत लाख तापत होती. तिचा तो जरासा करपट, जरासा गोडसर वास नाकात शिरला आणि मी होतो तिथेच उभा राहिलो. दुकानदाराला वाटले, गिऱ्हाईक आले. "सुनेले पायजे का लेकीले?" त्याने विचारले. मी हसून मान हलवली आणि पुढे निघालो. पाय बाजारातून चालत राहिले, पण मन केव्हाच वलगावला, आमच्या गोठ्याच्या पडवीत जाऊन बसले होते. तिथे नारळाच्या करवंटीत लाखेचे तुकडे घेऊन मी ते निखाऱ्यावर वितळवीत असे, आणि बोटाएवढ्या लाकडी माशाच्या अंगावर काडीने हळूहळू माखीत असे.

ती वर्षे कापसाची होती. सातासमुद्रांपलीकडे कुठल्याशा मुलखात लढाई जुंपली आणि आमच्या काळ्या मातीतले पांढरे बोंड एकाएकी साऱ्या जगाला हवेसे झाले. ज्यांच्या घरी ज्वारीची कणगी हीच श्रीमंती होती, त्यांच्या बैलांच्या गळ्यात चांदीच्या घुंगुरमाळा आल्या. अमरावतीच्या रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रांग अशी लागायची की मागच्या गाडीवानाला पुढची गाडी दिसत नसे, नुसती धूळ दिसे. बाभळींच्या काट्यांना अडकलेला कापूस वाऱ्यावर हलत राही. बाहेरगावच्या माणसाला वाटावे, या झाडांना पांढरा मोहोर आला आहे.

आमच्या घरात शेती थोरल्या भावाकडे आणि बाजार माझ्याकडे. गाडी घेऊन मीच अमरावतीला जायचो. रुईच्या गाठी बांधायला तिथे एक मोठा दाब होता. माणसे लांब दांड्याला छाती लावून गोल फिरायची, मळसूत्र खाली उतरायचे आणि डोंगराएवढी रुई पेटीएवढी व्हायची. एक दिवस एका गाठीचा दोर सुटला. मी जवळ होतो, पकडायला हात घातला, आणि तेवढ्यात दांडा फिरला. पुढचे मला फारसे आठवत नाही. उजव्या हाताचा अंगठा आणि करंगळी उरली, मधली बोटे गेली. चूक कुणाचीच नव्हती. सगळ्यांनाच घाई होती.

जखम भरली, पण मी भरलो नाही. हात उपरण्याखाली झाकून दिवसभर पडवीत बसायचो. डाव्या हाताने जेवायला बसायची लाज, म्हणून सगळे उठल्यावर जेवायचो. माझ्या बायकोला घरात येऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. ती ताट ठेवायची आणि पाठमोरी होऊन चुलीतला विस्तव सारत बसायची, म्हणजे मला कुणी पाहत नाही असे वाटावे. तिच्यापासूनही मी तो हात लपवला होता.

फाल्गुनात ऊन चढू लागले आणि मला घरात बसवेना. गावाला लागूनच पेढी नदी. पावसाळा सरला की तिची धार बारीक होते आणि जागोजागी डोह उरतात. अशाच एका डोहाच्या काठी एक पांगारा होता. पाने झडून गेलेली आणि अंगभर लाल फुले. मी त्याच्या बुंध्याला टेकून पाण्याकडे पाहत बसे. लहानपणी मी इथेच गळ टाकायचो, पण आता वळवळणारा बेडूक गळाला लावणे माझ्या हाताला जमणार नव्हते. एका सकाळी पांगाऱ्याची एक पाकळी गिरक्या घेत पाण्यावर पडली, वाऱ्याने थोडी सरकली, आणि खालून काळीभोर मरळ उसळून आली. पाणी फाटल्यासारखा आवाज झाला. पाकळी नाहीशी झाली. क्षणभराने ती पुन्हा वर आली, थुंकून टाकल्यासारखी. मी कितीतरी वेळ त्या जागेकडे पाहत राहिलो. जी पाकळीला फसते, ती लाकडाला का फसणार नाही? आणि लाकूड वळवळत नाही. ते एकदा बांधले की झाले.

घरी येताना पांगाऱ्याची वाळकी फांदी घेऊन आलो. त्याचे लाकूड इतके हलके आणि मऊ की डाव्या हाताच्या चाकूलाही दाद देते. तरी पहिला मासा रताळ्यासारखा झाला, दुसऱ्याचे शेपूटच तुटले. पण सकाळी उठल्यावर आज काय करायचे हे मला ठाऊक असे, आणि कित्येक दिवसांत असे झाले नव्हते. पोती शिवायच्या दाभणाला तापवून वाकवले, त्याचा गळ झाला. डोळ्यांना गुंजा बसवल्या. तांब्यांना कल्हई करून गेलेल्या माणसामागे कथलाचे चकचकीत शिंतोडे पडले होते, ते ठोकून पोटाला लावले. पांगाऱ्याच्या आठवणीसाठी गळ्याशी लाल लोकरीचा झुबका बांधला आणि सगळ्यावर लाख फिरवली. थोरला भाऊ शेतातून येताना पडवीत डोकावे आणि पुढे जाई. त्याच्या डोळ्यांत मला दिसे, की याचा हातच नव्हे, डोकेही गेले.

तयार मासा मी बैलांच्या हौदात सोडला, तर तो पोट वर करून तरंगू लागला. बायको पाणी भरायला आली होती. घागर खाली ठेवून ती वाकून बघत राहिली.

"उलटा काहून झाला हो हा?"

"मले काय माहीत."

"पोटात काईच नाई त्याच्या. उपाशी हाये तो."

ती हसली. त्या दुखण्यानंतर घरात पहिल्यांदा कुणी माझ्यासमोर हसले होते. मी तापल्या सळईने माशाचे पोट कोरले, आत शिशाचा खडा भरला आणि वरून लाख लावली. जेवलेला मासा हौदात सरळ उभा राहिला.

राहिला दोर. मरळ तोडणार नाही असा दोर बाजारात मिळेना, म्हणून तिने कोठीतला मूठभर कापूस घेऊन सूत कातायला घेतले. जाऊबाईंनी पाहिले. "सोन्याच्या भावाचा कापूस, अन् तू मासोळीले दोर करून राहिली?" ती म्हणाली, "बाई, मासोळीबी आपल्याच गावची हाये." सूत झाले, पण पीळ द्यायला दोन माणसे लागतात. अंगणात तिने दोराचे एक टोक स्वतः धरले, दुसरे घेऊन माझ्याजवळ आली, माझे उपरणे बाजूला केले आणि ते टोक माझ्या उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि करंगळीत दिले. "धरा," ती म्हणाली. तिने त्या हाताकडे पाहिले, आणि नजर फिरवली नाही. मी दोर धरला.

दोर अर्धा वळून झाला होता, तेव्हा पातूरहून तिचा थोरला भाऊ दमणी, म्हणजे बसायची हलकी बैलगाडी, जोडून आला. दमणीत नवी गादी घातलेली. तो सरळ माणूस होता, आडपडदा ठेवून बोलणे त्याला येतच नव्हते. चहापाण्याची चाल तेव्हा नव्हती, गूळपाणी झाले आणि तो माझ्यासमोरच तिला म्हणाला, "बाई, चल घरी थोडे दिवस. मंग पाहू." त्या 'मंग पाहू'चा अर्थ अंगणातल्या प्रत्येकाला कळला. आमच्यात नवरा सोडून दुसरा पाट लावायला अडचण नसते, आणि त्या दिवसांत चांगल्या घरांना तोटा नव्हता. पण मीच म्हणालो, "जाय तू. माह्यासंगं काय उरलं हाये आता?"

तिने माझ्याकडे पाहिले नाही. भावाला म्हणाली, "दादा, दोर अर्धा हाये. अर्धा टाकून कशी येऊ?"

"दोरासाठी राह्यते का कोनी?"

"मी राह्यते."

तो चिडला, पण बहिणीला ओढून नेणारा नव्हता. "होऊ दे तुहा दोर," म्हणत त्याने बैल सोडले. दुसऱ्या दिवशी कंटाळून तो अंगणात येऊन बसला, आणि थोड्या वेळाने पीळ सैल पडतो आहे असे आम्हालाच सांगू लागला. दोर पुरा झाला, मेण फिरवून झाले, आणि सकाळी आम्ही तिघेही डोहावर गेलो.

पहिल्यांदा टाकला तेव्हा मासा काठावरच्या लव्हाळ्यात अडकला. मेहुणा हसला. पुढचे काही वेळा नुसते पाणी हलले. मग पांगाऱ्याच्या सावलीत मी तो अलगद सोडला, हलकेच ओढला, थांबलो, पुन्हा ओढला. आणि पाणी फाटले. गळाची काठी माझ्या काखेतून निसटता निसटता राहिली. दोर सरसर पळू लागला, डाव्या हाताला आवरेना, म्हणून मी तो उजव्या करंगळीला गुंडाळला. मेहुणा धावला. तिने त्याचा दंड धरला.

"हात नोको लावू, दादा. त्याइले काढू दे."

मरळ खाली गेली, वर आली, लव्हाळ्यात शिरली. करंगळी कापून रक्त येत होते आणि मी मोठमोठ्याने हसत होतो, हे मला नंतर तिने सांगितले. दोर तुटला नाही. हातभर लांबीची मरळ वाळूत आपटत होती आणि मी तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसून तो दुखरा हात उघडा टाकून हाशहुश करत होतो.

दुपारी तिने तिखट रस्सा केला. मी सगळ्यांबरोबर पंगतीला बसलो, डाव्या हाताने जेवलो. मेहुण्याने पुन्हा पुन्हा रस्सा मागून घेतला. दुसऱ्या सकाळी त्याने दमणी जोडली, गादीकडे एकदा पाहिले आणि ती गुंडाळून ठेवली. निघताना बहिणीला चल म्हणाला नाही. मला म्हणाला, "जवाईबापू, एक मासा मलेबी करून देजा."

पुढे ती लढाई थांबली आणि भाव उतरले. चांदीच्या घुंगुरमाळा जशा आल्या तशा गेल्या, मागून आगगाडी आली आणि गाड्यांच्या रांगाही गेल्या. चाकू धरून तयार झालेल्या डाव्या हाताने मी अक्षर गिरवायला घेतले, आणि गावच्या शाळेत शिकवत वय सरले. मासे करायचा नाद मात्र सुटला नाही. माझ्या कितीतरी माशांना पेढीने आपल्या तळाशी ठेवून घेतले आहे.

बायको वारून आता बरेच दिवस झाले. मेहुणा अजून येतो. फाल्गुन लागला की पातूरहून निघतो आणि चार दिवस माझ्याकडे राहतो. त्याला गळ टाकता येत नाही, दर वेळी गुंता करतो, आणि तो सोडवण्यात आमची सकाळ जाते. मागच्या खेपेस गुंता सोडवता सोडवता तो एकदम म्हणाला, "मी तिले न्याले आलो होतो तवा..." आणि थांबला. त्याने हातातली गाठ सोडवली.

"बरं झालं," तो म्हणाला, "माहं आयकलं नाई तिनं."

लोक त्या वर्षांची गोष्ट काढतात तेव्हा कापसाचे भाव सांगतात, आणि सोने कुठे गेले म्हणून हळहळतात. माझे कुठे काही गेले, असे मला वाटत नाही. ऊन पाठीवर येऊ लागले होते. मेहुण्याने डोळे बारीक करून पाण्याकडे पाहिले आणि विचारले, "आज काई लागन का, जवाईबापू?" मी म्हणालो, "बसू थोडं." आणि आम्ही दोघे म्हातारे तसेच बसून राहिलो.