एक्केचाळीस नंबर

बाळकुमच्या दादांच्या पाकिटात कार्ड एकच असे आणि त्याच्या दोषांची यादी पाच-सहा ओळींची असे. यादी त्यांनी स्वतःच्याच कार्डाची केलेली. 'वरचा डावा कोपरा दबलेला. मागे निळ्या शाईचा ठिपका, पेनाचा असावा. छपाई किंचित उजवीकडे सरकलेली. उन्हात धरल्यास मधोमध एक रेघ दिसते. बहुधा कोणीतरी खिशात ठेवून बसले होते. पसंत नसल्यास परत पाठवावे, राग नाही.' खाली सही नसे. फक्त 'बाळकुम' एवढंच.

पहिलं पाकीट आलं तेव्हा मी कार्ड खिडकीशी नेऊन उन्हात धरलं. ती रेघ दिसायला मला पाच मिनिटं लागली. वर्तमानपत्राच्या डेस्कवर मी वीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढत आलो आहे. आपल्याच मालाविरुद्ध इतक्या काटेकोरपणे लिहिलेला मजकूर मी तोवर पाहिला नव्हता.

ही कार्डं म्हणजे आमच्या लहानपणी बबलगमच्या पुडीत निघायची ती, क्रिकेटपटूंची. पुढे फोटो, मागे धावा आणि बळी, कोपऱ्यात नंबर. बहात्तर कार्डांचा एक संच. शाळा सुटली तसा बहुतेकांचा हा नाद सुटला. काहींचा सुटला नाही. अशा न सुटलेल्यांचा व्हॉट्सअॅपवर एक ग्रुप आहे. त्यावर नवा माणूस आला की जुने त्याला पहिला सल्ला देत: "बाळकुमच्या दादांशी अदलाबदल कर. डोळे मिटून कर."

मी डोंबिवलीला राहतो. डोंबिवलीहून बाळकुम फार तर दीड तास. तरीही सात वर्षं आमची अदलाबदल पोस्टानेच झाली, कारण दादांची तशी अटच होती. सुरुवातीला एकदा मी फोनवर म्हणालो, "दादा, रविवारी ठाण्यात येतोय. कार्ड हातातच देतो की."

"नको. येऊ नका."

"का हो?"

"तुमी आलात का च्या होईल. च्या झाला का भीड होईल. मग तुमी जे काय दाखवाल ते मना आवडंल. त्यापेक्षा पोस्टानं पाठवा. पाकिटाला 'नाय' बोलता येतं."

दादा चिठ्ठी शाळेत शिकलेल्या मराठीत लिहीत आणि बोलत घरच्या भाषेत. त्यांचं घराणं बाळकुमचं जुनं, शेती आणि मिठागरावर जगलेलं. आता त्या शेतांवर टॉवर आहेत. पण भिडेची गोष्ट टॉवरच्या आधीची. दादा लहान असताना एक पाहुणे घरी आले, ओटीवर बसले, चहा प्यायले, दुसऱ्यांदा चहा प्यायले. दादांच्या वडिलांना समोर बसलेल्या माणसाला नाही म्हणता आलं नाही. खाडीकडचं शेत सही होऊन त्या पाहुण्यांच्या नावावर गेलं. "बाप वाईट नव्हता, पाहुनापन वाईट नव्हता," दादा म्हणाले. "दोघं समोरासमोर बसले, हीच चूक झाली." हे त्यांनी मला कसलाही आवाज न चढवता सांगितलं आणि मग विचारलं, "तुमच्याकडं बावन्न नंबर डबल हाय का?"

पाकीट बांधण्याची त्यांची पद्धत ग्रुपवर प्रसिद्ध होती. कार्ड पातळ प्लास्टिकच्या कव्हरात आणि ते कव्हर लग्नपत्रिकेच्या दोन जाड तुकड्यांमध्ये. त्यांच्या समाजात हळदीला अख्खा गाव बोलावतात, त्यामुळे पत्रिकांना तोटा नव्हता. पत्रिका कापताना गणपतीवर कात्री येऊ द्यायची नाही, हा नियम. चिकटपट्टीचं टोक दुमडून ठेवायचं, म्हणजे उघडणाऱ्याला कात्री लागू नये. मग पाकीट फरशीवर ठेवून दादा त्याच्यावर उभे राहत. "रस्त्यात कोन उभा राहिला त्याच्यावर तर? आधी मीच राहून बघतो." त्यांचं वजन बरंच होतं असं ग्रुपवरच्या फोटोवरून दिसे. एकही कार्ड कधी दुमडलं नाही. माझ्याकडे अजून एका अनोळखी नवरा-नवरीची नावं असलेले पुठ्ठ्याचे तुकडे आहेत. नवऱ्याचं अर्धं, नवरीचं पूर्ण.

आणि पहिलं पाकीट नेहमी त्यांचं निघे. समोरच्याचं कार्ड हाती पडेपर्यंत थांबणं त्यांना मान्य नव्हतं. कोणी बुडवलं तर, असं मी विचारलं. "दोघंपन थांबलो तर पोस्टमनने काय करायचं?" हे त्यांचं उत्तर.

दादांच्या संचात एकाहत्तर कार्डं होती; बावन्न ते ग्रुपवरच्या दुसऱ्या कोणासाठी शोधत. नव्हतं ते एक्केचाळीस नंबर. त्यावर एक राखीव यष्टिरक्षक होता, ज्याला मैदानात फारसं कोणी पाहिलं नसेल. पुडीत तो निघाला की मुलं वैतागून फेकून देत. म्हणून मोठमोठ्या खेळाडूंची कार्डं आज ढिगाने मिळतात आणि हा माणूस मिळत नाही. दादांकडे तो एकदा होता. बारा वर्षांचे असताना आतेभाऊ समोर बसून मागत राहिला आणि दादांनी देऊन टाकला. त्यानंतर त्यांनी कोणाशीही समोरासमोर अदलाबदल केली नाही.

तिसऱ्या-चौथ्या वर्षी चिठ्ठ्यांमधलं अक्षर मोठं होऊ लागलं. आधी मला वाटलं पेन बदललं. मग त्यांनीच फोनवर सांगितलं की साखरेने डोळे खाल्लेत. उजवा गेला, डावा जाणार आहे. डॉक्टरांनी किती दिवस ते सांगितलं नव्हतं. "डोले जायच्या आधी एक्केचालीस बघायचाय," ते म्हणाले. "त्याचं तोंड कसं होतं तेच इसरलो." ग्रुपवर त्यांनी यातलं काहीच लिहिलं नाही. लिहिलं असतं तर लोकांना भीड पडली असती.

एक्केचाळीस मला कल्याणला मिळालं. एका रद्दीवाल्याकडे जुन्या वह्यांच्या गठ्ठ्यात, भूगोलाच्या वहीत. चारही कोपरे इतके टोकदार की बोट लावायला भीती वाटावी. इतक्या जुन्या कार्डाचे कोपरे असे नसतात, हे मला माहीत होतं. मी ते दुसऱ्या एका कार्डावर ठेवून पाहिलं. उजवीकडे खालच्या कार्डाची केसाएवढी कड दिसली. झिजलेली कड ब्लेडने छाटून कार्ड नव्यासारखं करणारे लोक असतात, हेही मला माहीत होतं. छापखान्यातच कधीकधी कार्डं कमी-जास्त कापली जातात, असं मी स्वतःला सांगितलं. दोन-तीनदा सांगितलं.

मला बदल्यात सात नंबर हवं होतं. सात नंबर म्हणजे कप्तान, आणि दादांकडे त्याच्या दोन प्रती होत्या. शिवाय दादांचा संच पूर्ण करणारा माणूस मी असावा, अशीही इच्छा होती. आणि दादांना आता नीट दिसत नाही, हेही मला ठाऊक होतं.

मी चिठ्ठीत लिहिलं: 'मागे किंचित पिवळेपणा. बाकी निर्दोष.' त्यांच्या एकाही चिठ्ठीत 'निर्दोष' हा शब्द कधी आला नव्हता.

माझं पाकीट पोचायच्या आधीच त्यांचं सात नंबर आलं. सोबत सहा दोष. नवव्या दिवशी आणखी एक पाकीट आलं. आत लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यात माझं एक्केचाळीस, आणि अर्ध्या कागदावर चार ओळींत न मावणारं मोठं अक्षर: 'कार्ड मिळाले. फोटो सुंदर आहे, असे घरी सांगतात. उजवी कड ब्लेडने कापलेली, अंदाजे अर्धा मिलिमीटर. आपल्या नजरेतून सुटले असावे. परत पाठवत आहे, राग नाही. सात नंबर आपल्याकडेच ठेवावे.'

मी फोन केला. "दादा, तुम्हाला कसं कळलं?"

"दिसलं नाय. अंगठ्याला लागलं. मशीनची कड बोथट असते. ब्लेडची कड चावते."

"ठेवून घ्यायचं होतं हो. एवढी वर्षं शोधताय. कोणाला कळणार होतं?"

"या अंगठ्याला."

मी म्हणालो, "माझ्या नजरेतून सुटलं नव्हतं. मी पाहिलं होतं."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. ती थांबेपर्यंत दादा थांबले. मग म्हणाले, "मना ठाव हाय."

"मग चिठ्ठीत सुटलं असावं असं का लिहिलंत?"

"चिठ्ठीत कार्डाचं काय ते लिहायचं. तुमचं कशाला लिहू?" आणि लगेच, "बावन्न डबल मिलालं तर कलवा."

सात नंबर मी परत पाठवलं. ते न उघडता माझ्याकडेच परत आलं. पाकिटावर पत्त्याखाली लिहिलं होतं: 'दिलेले आहे.'

त्यानंतर दोन वर्षं मी एक्केचाळीस शोधलं. आंबिवलीपासून कळव्यापर्यंत एकही रद्दीचं दुकान सोडलं नाही. साप्ताहिक सुट्टीचा दिवस त्यातच जाई. घरी बायको विचारत असे, "आज कुठली वखार?" रद्दीवाले मला नावाने ओळखू लागले. त्या काळात दादांच्या चिठ्ठ्या बंद झाल्या. अक्षर कागदात मावेनासं झालं होतं.

शेवटी ते ग्रुपवरच्याच एका माणसाकडे निघालं. त्याने फोटो पाठवताना माफी मागितली होती, इतकं ते खराब होतं. पण चारही कडा पूर्ण होत्या. स्केलने मोजल्या, भिंगाने पाहिल्या, मग डोळे बाजूला ठेवून अंगठा फिरवला. कड कुठेही चावत नव्हती. मी टेबलाशी बसून चिठ्ठी लिहायला घेतली. वरचा उजवा कोपरा उडालेला. आडवी घडी, रंग गेलेला. मागे 'पाचवी ब' असं निळ्या पेनाने लिहिलेलं, खोडलेलं, पुन्हा लिहिलेलं. तेलाचा डाग. असे अकरा दोष झाले. अग्रलेखाचं प्रूफसुद्धा मी कधी इतक्या वेळा वाचलं नसेल. पाकीट बांधलं, फरशीवर ठेवलं आणि त्याच्यावर उभा राहिलो.

चिठ्ठी आली ती बायकी, नीटस अक्षरात. वहिनींनी लिहिली होती, सांगणारे दादाच होते. 'कार्ड मिळाले. आपण अकरा दोष कळवले. बारावा राहिला आहे. कार्ड ठेवून घेत आहे. संच पूर्ण झाला. आता चहाला यावे.'

बाळकुमला मी सात वर्षांत पहिल्यांदा गेलो. तीन टॉवरच्या मधे एकमजली घर. दुपारी तीनलाच आत दिवा लावावा लागतो. वहिनींनी दार उघडलं, मला खालून वर पाहिलं आणि आत बघून ओरडल्या, "अवो, तुमचे निर्दोष आले!"

दादा आतून इतके हसले की त्यांना खोकला आला. ते पलंगावर बसले होते. फोटोत दिसत त्याहून उंच, डोळे उघडे आणि कुठेच न लागलेले. "बस रं," ते म्हणाले. फोनवरचं 'तुमी' त्यांनी फोनवरच ठेवलं होतं. "हिचं मनावर नको घेऊ. ती मनापन असंच बोलते."

"खोटं काय बोलले?" वहिनी चहा ठेवता ठेवता म्हणाल्या. "दोन वर्षं तुमच्या नावाचं दुसरं काय नाय घरात. निर्दोषचा फोन आला का, निर्दोषला बावन्न मिलालं का."

चहा झाला. वहिनींनी मला न विचारता दुसरा ओतला. दादांनी उशाशी ठेवलेला अल्बम माझ्याकडे सरकवला. बहात्तर कार्डं, एकही घर रिकामं नाही. इतक्या देखण्या कोऱ्या कार्डांमध्ये माझं एक्केचाळीस म्हणजे मारामारी करून वर्गात आलेलं पोरगं. यष्टिरक्षकाचं तोंड त्या आडव्या घडीने बरोबर नाकावर कापलेलं होतं.

"दादा, तुम्हाला तोंड बघायचं होतं त्याचं," मी म्हणालो. "मला उशीर झाला."

"हिने सांगितलं ना कसा दिसतो."

"मी सांगितलं, तुमच्या आतेभावासारखा दिसतो," वहिनी म्हणाल्या.

"मग झालं की." ते पुन्हा हसले. मग हात पुढे करून म्हणाले, "बारावा सापडला का?"

मी कार्ड कव्हरातून काढलं. दिव्याखाली धरलं, तिरकं केलं, खिशातलं भिंग लावलं. पुढे पाहिलं, मागे पाहिलं. माझी यादी तोंडपाठ होती. अकरा मोजून झाले आणि पुढे काही नव्हतं. वहिनी कपबशा उचलायच्या थांबून बघत होत्या. दादा कान माझ्याकडे करून बसले होते. माझ्या हातातल्या कार्डाचा आवाज ऐकत असावेत.

"नाही सापडत, दादा."

"सापडनारच नाय. बघतोस ना." त्यांनी माझा अंगठा धरला आणि कार्डाच्या खालच्या कडेला नेऊन ठेवला. "डोले मिट."

मी डोळे मिटले. त्यांच्या बोटांखाली माझा अंगठा हळूहळू सरकत गेला. घडीच्या खाली, कडेपासून भाताच्या दोन दाण्यांएवढ्या अंतरावर, कागद किंचित वर आला होता. टाचणीचं भोक. कधीतरी, कुठल्यातरी भिंतीवर, पाचवी ब मधल्या कोणीतरी या यष्टिरक्षकाला लावून ठेवलं होतं.