एक थांबा आधी

मालवणहून मसुऱ्याला जाणाऱ्या एसटीत एक म्हातारे गृहस्थ रोज माझ्या शेजारी बसत आणि आपल्या वाडीच्या एक थांबा आधीच उतरत. गुडघे दुखत असूनही उरलेली वाट चालत. एकदा मी कारण विचारलं.

"माझ्या थांब्यार मटक्याची टपरी आसा रे," ते म्हणाले. जहाजावर नोकरीला असताना त्यांनी देशोदेशीचे जुगार पाहिले होते, खेळलेही होते. "सिंगापुरात बरां. घरच्यांनी नाव कळवल्यार कॅसिनोचो शिपाय दारारच अडवता. आपल्याकडे तां काम माझी बायको करता."

उतरताना त्यांनी छत्रीच्या टोकाने खाली दाखवलं. मासळीची रिकामी पाटी काखेत धरून ती थांब्यावर उभी होती. मला ती रोजच दिसायची. वाटायचं, दुसऱ्या एसटीची वाट बघतेय.