रियाध ते मुंबई, चार तास

माझ्या धाकट्या बहिणीचा वाईला मगरिबच्या सुमारास, दिवेलागणीला, इंतकाल झाला, तेव्हा तिचा एकुलता एक मुलगा रियाधला नोकरीवर होता. आमच्यात मय्यत ताटकळत ठेवत नाहीत. आणि बाईची मय्यत कबरीत उतरवायची ती मुलाने, भावाने किंवा तशाच जवळच्या नात्यातल्या पुरुषाने. मुलानेच उतरवावे, असे बहिणीने मला दोनदा बजावले होते. म्हणून सांगलीहून पोहोचताच मी जमातीकडे मुदत मागितली.

उभा जन्म न्यायालयात कारकुनी केल्यामुळे तोंडी विनंतीवर माझा विश्वास नाही. मी लेखी अर्ज दिला. अंतर सुमारे अठ्ठावीसशे किलोमीटर, उड्डाणकाळ चार तास. भाचा सकाळी सहाला निघून दहाला मुंबईत उतरेल, पुढे रस्त्याने पाच तास. सबब दफन असरच्या, म्हणजे उतरत्या दुपारच्या नमाजनंतर ठेवावे. जमातीचे अध्यक्ष, म्हणजे सदर, यांनी कागदाची शेवटची ओळ तेवढी वाचली आणि तो खिशात घातला.

"तुम्ही म्हणता तर असरपर्यंत थांबू," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दहा वाजले, अकरा वाजले. भाच्याचा फोन बंद. मी अंगणातून रस्त्यावर जाई आणि रस्त्यावरून अंगणात येई. मय्यतीभोवती रचलेल्या बर्फाच्या लाद्यांचे पाणी उंबऱ्यापर्यंत आले होते. साडेबाराला फोन वाजला.

"मामू, आत्ताच उतरलो."

मी फोन ठेवला आणि तिथेच विमान कंपनीला पत्राचा मसुदा लिहायला घेतला. अडीच तासांच्या अक्षम्य विलंबाबद्दल खुलासा मागितला. मनस्तापाचे कलम वेगळे घातले.

असरची नमाज झाली तेव्हा भाचा शिरवळच्या अलीकडे वाहनांच्या रांगेत अडकला होता. मी सदरांपुढे मसुदा मोठ्याने वाचला. दोष कंपनीचा, तेव्हा मगरिबपर्यंत मुदतवाढ मिळणे न्याय्य आहे, असे बजावले.

शेजारचे ऊसवाले सुभेदार, फौजेतून निवृत्त झालेले, खांदा द्यायला आले होते. ते हळूच म्हणाले, "आवं चाचा, इमान लेट न्हाई. तिकडचं घड्याळ अडीच तास मागं असतंय. सा वाजलं त्ये तिकडचं."

"तुम्हाला काय ठाऊक?"

"पोरगा कुवेतला हाय. आपल्या सातला फोन केला की झोपेतनं उठून बापाला शिव्या घालतोय."

कोणी हसले नाही. सदर म्हणाले, "भाईजान, रात्र काढली, दिवस काढला. आता मय्यतीवर जुलूम होईल."

मी मसुदा घडी करून खिशात घातला. राग मात्र तसाच होता, आणि तो कोणाच्या नावे पाठवावा हे मला कळत नव्हते. मी म्हणालो, "उचला."

मी आणि एक चुलतभाऊ कबरीत उतरलो. वरून तिला खाली दिले तेव्हा सुभेदारांनी वाकून माझा खांदा धरून ठेवला.

भाचा आला तेव्हा मातीचा उंचवटा रचून झाला होता. पाठीवरची पिशवीही त्याने काढली नव्हती.

"विमान वेळेवर होतं, मामू. थोडं थांबायचं."

"वेळ मी चुकवली," मी म्हणालो. "तिकडचे सहा मी इकडचे धरले."

त्याने पिशवी उतरवून मातीपाशी ठेवली. मग त्याने विचारले, "अम्मी काही सांगून गेली का, माझ्यासाठी?"

सदर माझ्याकडे पाहत होते. नाही म्हणणे सोपे होते. कबरीत मुलानेच उतरवावे, असे ती दोनदा बजावून गेली होती, हे मी त्याला सांगितले.