वाढत्या मापाची रिंग

शिंप्याच्या या मुलीला घरात सगळे बॉबिन म्हणत, कारण मशीनमधल्या बॉबिनसारखी ती एका जागी ठरत नसे. बास्केटबॉलच्या बाईंनी मात्र तिला वर्षभर बाकावर बसवून ठेवलं होतं. पळण्यात ती कुणाला हार जात नव्हती, पण तिने फेकलेला बॉल रिंग सोडून सगळीकडे जाई. शेवटी बाईंनी तिला दोन महिन्यांची मुदत दिली. वीस फ्री थ्रोंपैकी बारा पडले तर संघात, नाहीतर बाक आहेच.

बॉबिनने बापाच्या मागे लकडा लावून परसातल्या भिंतीवर रिंग बसवून घेतली. रोज शाळेआधी शंभर वेळा फेकायचं, एकदाही कमी नाही. शिकवायला कुणी नव्हतं. कोपर बाहेर पळतं हे तिचं तिलाच कळलं, तेव्हा तिने बाही कुशीला कच्च्या टाक्याने शिवूनच टाकली. किती पडले त्याच्या खुणा ती बापाच्या खडूने भिंतीवर करी. पलीकडे मशीनवर बसलेला बाप प्रत्येक दणक्याला दचके. एका गिऱ्हाइकाच्या पँटला नागमोडी शिवण आली, ती त्याने नवी फॅशन म्हणून त्याच्या गळ्यात मारली. पोरगी संघात जाईल तेव्हा जाईल, दुकान मात्र त्याआधी जाईल, असं आईचं म्हणणं होतं. पण शंभरातले सत्तर पडू लागले, तेव्हा आईसुद्धा भाजी चिरता चिरता मोजायला लागली.

चाचणीच्या दिवशी पहिला बॉल रिंगच्या मागच्या कडेवर आदळला. दुसराही. सहाच्या सहा तिथेच आपटून परत आले. बाई घड्याळात बघू लागल्या. आता बॉबिनला रडू येणार एवढ्यात तिची चड्डी घसरली.

ती बापानेच शिवलेली, म्हणजे कमरेत दोनदा दुमडून घातलेली. मुलांचं काहीही करायचं ते वाढत्या मापाचं, हा बापाचा जन्माचा नियम. फ्रॉक, गणवेश, दप्तराचे पट्टेसुद्धा. चड्डी वर ओढता ओढता बॉबिनचा हात थांबला. घरची रिंगही याच माणसाने टेप घेऊन बसवली होती.

तिने मनातल्या मनात रिंग वीतभर खाली उतरवली आणि बॉल हलका सोडला. आत गेला. मग मध्ये दोनच हुकले, आणि शेवटचा रिंगवर दोन फेऱ्या मारून, सगळ्यांचा जीव टांगणीला लावून, एकदाचा आत पडला. तो बारावा होता.

घरी बापाने रिंगची उंची मोजली. बरोबर एक वीत जास्त. आईने कपाळाला हात लावला. बापाने रिंग खाली घेतली, पण त्याचा चेहरा काही वर येईना. संघाचा उरलेला एकच टीशर्ट बॉबिनच्या वाट्याला आला होता आणि तो तिच्या गुडघ्यापर्यंत येत होता. निदान हे तरी नीट मापाचं करावं म्हणून बापाने टाचण्या काढल्या.

बॉबिनला त्याचं एकदम फार वाईट वाटलं. तिने टीशर्ट त्याच्या हातातून काढून घेतला.

"राहू दे, बाबा. वाढतं अंग आहे माझं."

बापाने टेप गळ्यात अडकवली आणि कालच तेल घातलेल्या मशीनला परत तेल घालायला बसला.