दोन बारीक रेघा

त्या दोन बारीक उभ्या रेघा मी पहिल्यांदा चौथीत मास्तरांच्या हजेरीत पाहिल्या. गावाचं नाव वरच्या ओळीत एकदाच, खाली सगळ्या पोरांपुढे नुसत्या रेघा. मास्तर म्हणाले, याचा अर्थ वरच्यासारखंच. ही खूण कोणी काढली मला माहीत नाही. एकच शब्द लिहून हात भरून आलेल्या माणसानं काढली असेल. शाळा चौथीतच सुटली. रेघा मात्र हातात राहिल्या.

हिवरखेडला आमचा झेंडू आहे. वावरातल्या खोपडीत खिळ्याला वही टांगलेली असते. कोणत्या दिवशी कोणतं औषध फवारलं, ते मी लिहायची. औषध मुलगा आणायचा, फवारायची सून. ती "कालचंच" म्हणाली की मी रेघा मारायची. पान भरलं की फाडून चुलीत घालायची. जुनं पान कशाला ठेवायचं?

मागच्या हंगामात सून भर दुपारी पंपासकट वाफ्यात कोसळली. तोंडाला फेस. शेजाऱ्याच्या गाडीत घालून अकोल्याला नेली. वही मी सोबत घेतली, तेवढी अक्कल होती.

डॉक्टरांनी विचारलं, "आजी, औषध कोणतं?"

मी वही पुढे केली. पहिल्या ओळीत रेघा. खाली चार ओळी, त्यातही रेघा. त्यांनी मागचं पान उलटलं. तिथे फाटलेली कड होती.

"वरच्यासारखंच आहे," मी म्हटलं.

"आजी, वर काहीच नाही."

घरात दोन औषधं होती. दोन्हींवरचा उपाय वेगळा, असं डॉक्टर म्हणाले. मुलगा फुलं घेऊन अमरावतीला गेलेला. राजापेठेच्या गर्दीत त्याला फोन ऐकू येईना. सात वेळा लावला. सुनेचे ओठ काळे पडत होते. शेवटी वावराशेजारच्या बाईला फोन केला. रिकाम्या बाटल्या आम्ही धुऱ्यात, वावराच्या बांधात, पुरतो. तिनं उकरलं, वरची, म्हणजे त्याच दिवशी पुरलेली बाटली काढली आणि तिच्यावरच्या चिठ्ठीचा फोटो पाठवला. डॉक्टरांनी तो वाचला आणि सुई आणायला सांगितली.

तिसऱ्या दिवशी सुनेनं डोळे उघडले. पहिलं काय विचारलं, तर पंप धुतला काय.

घरी आल्यावर तिनं वही माझ्यापुढे टाकली.

"आई, आता पुरं नाव लिहत जा."

"माहा हात दुखते."

"दुखू द्या."

लिहिते. रोज, पुरं नाव.